भाव कोण पाडतं?



रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वस्त्यांत गल्फ म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझे दोन चुलते तिकडेच राबले. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास यायचं, "बंगाली आणि नेपाळी आले नि आपला भाव पडला." मला आज या वाक्याशीच भांडायचं आहे.

2011 मध्ये सौदी अरेबियाने इंडोनेशिया आणि फिलिपाइन्समधून घरकामगार घेणं थांबवलं. वाद पगाराचा आणि संरक्षणाच्या अटींचा होता. फिलिपाइन्सने 2006 मध्येच घरकामगार बाईला महिना किमान 400 डॉलर मिळालेच पाहिजेत असं ठरवलं होतं. पुढे 2015 मध्ये बांगलादेश 800 रियालवर बायका पाठवायला तयार झाला. म्हणजे साधारण 213 डॉलर. आता सांगा, भाव त्या गरीब बाईने पाडला का? सौद्याच्या टेबलावर ती नव्हतीच.

आपलं सरकारही यात मागे नाही. सप्टेंबर 2020 मध्ये, ऐन कोविडमध्ये, भारताने आखाती देशांसाठीचं किमान वेतन 30 ते 50 टक्क्यांनी उतरवलं. कारण दिलं, नोकऱ्या टिकाव्यात. तेलंगणातून आरडाओरड झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा 2021 मध्ये निर्णय मागे घेतला गेला.

उलट कतार बघा. मार्च 2021 पासून तिथे किमान वेतन 1000 रियाल, आणि ते सगळ्या देशांच्या कामगारांना सारखं. रक्कम तुटपुंजीच आहे. पण निदान त्या रेषेखाली पासपोर्ट बघून पगार ठरवता येत नाही.

ही रेषा पाठवणारे देश मिळून आखू शकतात. सार्कच्या 2014 च्या काठमांडू जाहीरनाम्यात सुरक्षित स्थलांतरासाठी सहकार्याचं कलम आहे. त्यानंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. भारत-पाकिस्तानच्या भांडणात ते कलमही अडकून पडलं. पण 2003 पासून चालणारी 'कोलंबो प्रक्रिया' जिवंत आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका सगळे तिच्यात बसतात. तिचे ठराव बंधनकारक नाहीत, हे खरं दुखणं.

कुणी म्हणेल, आपण भाव वाढवला तर मालक केनिया-युगांडातून माणसं आणतील. आणतीलच, आजही आणतात. म्हणून पाच देशांची एकी पुरणार नाही, आफ्रिकेलाही सोबत घ्यावं लागेल. पण निम्म्या पगाराच्या शर्यतीत आपण पुढे राहिलो, तर त्यात आपलं काय भलं झालं?

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. तो नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. घरातलं कुणी निघालं असेल, तर सही करण्याआधी तेवढं बघा. आणि मोहल्ल्यात एखादा नेपाळी वॉचमन असेल, तर त्याचा भाऊ कतारला किती भरून गेला, ते त्याला विचारून बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊया.