धबधब्याची वाट : एका दिवसाच्या वनसहलीचा आराखडा

(मलकापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाची संहिता)



मलकापूरच्या दक्षिणेस बुलढाण्याचे पठार आहे. नळगंगा आणि विश्वगंगा या नद्या त्याच पठारावरून उतरून पूर्णेला मिळतात. गावावर थेंबही पडलेला नसताना डोंगराकडून गढूळ पाणी येते, हे अशा नदीकाठच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. घरच्या नदीविषयी असलेले हे शहाणपण सहलीला निघताना मात्र बहुधा घरीच राहते. धबधब्याकडे निघालेला समुदाय डोक्यावरचे आभाळ पाहतो. धबधब्याच्या माथ्यामागे कोठे पाऊस पडत आहे, याची विचारपूस कोणी करीत नाही. एका दिवसाच्या वनसहलीचा आराखडा या विचारपुशीपासून सुरू व्हावयास हवा.

हीच अजिंठ्याची रांग पश्चिमेकडे सरकत चाळीसगावच्या दक्षिणेस येते, तेव्हा तिच्या कुशीत पाटणादेवीचे वन लागते. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा उत्तरेकडील भाग होय. सन १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर विस्ताराचे असून ते जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. चंडिकादेवीचे मंदिर, जवळचे हेमाडपंती महादेव मंदिर, कड्यांतील लेणी आणि आत रानात केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे, असा हा परिसर आहे. मलकापूरहून भुसावळ, जळगाव, पाचोरा असा लोहमार्गाचा सरळ प्रवास करून चाळीसगावला उतरता येते. पुढचे अंतर वाहनाने थोडक्यात संपते. आपल्याच जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचे अंबाबरवा अभयारण्य जवळचे असताना इतक्या लांब का जावे, असा प्रश्न कोणी करील. अंबाबरवा हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे ठरलेल्या मार्गाने वाहनातून वन पाहावयाचे असते. चाळीस मुलांना पायी फिरविण्याची ती जागा नव्हे.

पाटण्याचे नाव गणिताच्या शिक्षकाला विशेष जवळचे वाटेल. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी येथे मठ स्थापन केल्याची नोंद इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. ज्या रानात आज मुले पाण्याचा आवाज ऐकावयास जातात, त्याच्या तोंडाशी एकेकाळी सिद्धान्तशिरोमणी शिकविला जात होता.

याच डोंगराने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी वेगळे रूप दाखविले. रात्रभर डोंगरमाथ्यावर कोसळलेल्या पावसाने डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला, चाळीसगाव शहर व परिसरातील गावे जलमय झाली आणि कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला. डोंगरी नदी पाटणादेवीच्या वनातूनच खाली येते. ज्या ओढ्यातून एरवी मुले घोटाभर पाण्यात चालत जातात, तोच हा प्रवाह.

असे का घडते, हे मुलांना निघण्यापूर्वी वर्गातच सांगावे. आपला डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांवर थर रचून झालेला आहे. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र व मऊ. पाणी खालचा मऊ थर कोरते, वरचा घट्ट थर पुढे आलेला राहतो आणि केव्हातरी तुटतो. कडा आणि धबधबा तयार होतो तो असा. पाषाणावर माती थोडी असल्याने एकदा ती भिजली, की पुढचा पाऊस मुरत नाही, वाहतो. माथ्यावरच्या विस्तीर्ण भागाचे पाणी अरुंद दरीत एकत्र येते आणि पातळी पाहता पाहता वाढते. पाणी एकाएकी गढूळ होणे, प्रवाहात पालापाचोळा व काटक्या येऊ लागणे, दरीतला आवाज बदलणे, या खुणा दिसताच कुंड सोडून उंच काठावर यावे. सामान गोळा करीत बसू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधल्या खडकावर ते उभे होते, आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढले. काठ सोडून मधल्या खडकावर कोणी जावयाचे नाही, हा नियम मोडणाऱ्या शिक्षकालाही त्याच जागी थांबवावे.

म्हणून ऋतूची निवड महत्त्वाची. श्रावणातील भर पावसात धबधबा सर्वांत देखणा असतो, हे खरे. पण त्या वेळी तो दुरून पाहण्याचा विषय आहे. नवरात्रात देवीच्या यात्रेची गर्दी असते. दसरा झाल्यावरचे दिवस बरे. पाणी वाहते असते, नितळ झालेले असते, गवत अजून हिरवे असते. परतीचा पाऊस मात्र ध्यानात ठेवावा. ऑक्टोबरात दुपार कलल्यावर ढग जमून गडगडाटासह सरी येतात, सकाळच्या निरभ्र आकाशावर विसंबता येत नाही. आदल्या दिवशी हवामान विभागाचा जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहावा, कारण धबधबा एका जिल्ह्यात पडतो आणि त्याचे पाणी दुसऱ्या जिल्ह्याच्या माथ्यावरून येते. चाळीसगावला उतरल्यावर वनरक्षकाला माथ्यावरचे विचारावे. तो नको म्हणाला, तर तो शब्द अखेरचा मानावा.

अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ मध्ये त्याची तरतूद आहे. वनात आग लावणे आणि शस्त्र नेणे यांसही याच कायद्याने बंदी आहे. तेव्हा रानात चूल पेटवून पिठलं करण्याचा बेत कितीही मोहक असला, तरी सोडून द्यावा. अर्ज आधीच करावा आणि त्यात संख्या खरी लिहावी. पंचवीस लिहून चाळीस नेणे ही आपल्याकडची एक जुनी हौस आहे. संकटसमयी शोध घेणारा मनुष्य पंचविसाव्या मुलापाशी थांबतो.

आता वेळेचा हिशेब. तो सूर्योदयापासून पुढे न मोजता सूर्यास्तापासून मागे मोजावा. ऑक्टोबरच्या मध्यास या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उंच कड्यांच्या दरीत उजेड त्याआधी तासभर मंदावतो. बिबट्याचा वावर या रानात पूर्वीपासून आहे, आणि २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याहून चालत आलेला वाघही येथे कॅमेऱ्यात टिपला गेला. चार वाजता सर्वजण मंदिराशी परत हवेत. पाय मुरगळणे, चप्पल तुटणे, कोणाचे तरी मागे रेंगाळणे यांसाठी एक तास राखून ठेवावा, म्हणजे तीन वाजले. वाटाड्या जी वाट तासात संपवितो, तिला चाळीस मुलांना दीड तास लागतो. तेव्हा कुंडावरून दीड वाजता निघावयाचे. सकाळी साडेदहाला चालू लागल्यास बाराला पोहोचणे होईल आणि दीड तास पाण्याच्या सहवासात मिळेल. गाडीला उशीर झाला, तर हा दीड तास कमी होईल. निघण्याची वेळ हलणार नाही. पुढे गेलेल्यांना अजून थोडेच राहिले असे वाटत असले, तरी दीड वाजता जेथे असतील तेथून मागे फिरावे.

हे सांगणारी व्यक्ती एकच असावी आणि ती आधी ठरलेली असावी. ती मुख्याध्यापक वा सरपंचच असली पाहिजे असे नाही. रान ओळखणारा तरुण शिपाई असला तरी चालेल. मात्र त्याचा शब्द मुख्याध्यापकांनीही ऐकला पाहिजे. एरवी पाहुणे आले, छायाचित्र राहिले, भाषण व्हावयाचे आहे, अशा कारणांनी घड्याळ पुढे सरकत जाते. रांगेच्या पुढे वाटाड्या, शेवटी एक जबाबदार शिक्षक, आणि सर्वांत हळू चालणारे मूल मध्यभागी नव्हे तर वाटाड्याच्या पाठोपाठ.

कुंडात उतरू नये. पडत्या पाण्याने तळ कोरलेला असतो. काठाशी गुडघाभर पाणी आणि दोन पावलांवर पुरुषभर, असा प्रकार असतो. शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. कड्यांवर आग्या मोहोळे लोंबत असतात. तेथे धूर, दगड आणि उग्र अत्तर वर्ज्य. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-फुटाणे आणि माणशी तीन लिटर पाणी एवढी शिदोरी पुरे.

नावांची यादी तीन ठिकाणी ठेवावी: नेत्यापाशी, वनरक्षकापाशी आणि गावी पोलीस पाटलांपाशी. दरीत दूरध्वनीचा संपर्क तुटतो, म्हणून किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवावयाचे, हे गावी लिहून ठेवलेले असावे. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला होता. कोण घरी आहे आणि कोण बाहेर अडकला आहे, ही विचारणा अशा वेळी घरोघर चालते. लिहिलेली यादी असली, की तिचे उत्तर देता येते.

माथ्यावर पाऊस आहे आणि वाट बंद आहे, असे वनरक्षकाने सांगितले तर दिवस वाया गेला असे समजू नये. महादेव मंदिराचे कोनाकोनांचे तलविधान मुलांकडून पावलांनी मोजून कागदावर काढून घ्यावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन जेथे चालले त्या गावी भूमितीचा तास घेण्याचा योग सर्वच शिक्षकांना येतो असे नाही. मंदिराच्या ओट्यावरून दरीतल्या पाण्याचा आवाज तेवढ्यात ऐकू येत राहील.