दारची सदाफुली आणि रक्ताचा कॅन्सर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोला म्हटल्यावर बीपी-शुगरवर बोलेन असे पुष्कळांना वाटले असेल. ते दरवर्षी होते. प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्त पाहण्यात माझी नोकरी गेली, म्हणून मी रक्ताच्या कॅन्सरवर बोलणार आहे. घाबरू नका, यात आनंदाचाही भाग बराच आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सिकलसेल म्हणजे कॅन्सर नव्हे. तो आईबापाकडून येतो, त्यात लाल पेशीचा आकार विळ्यासारखा होतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, हाडांतल्या मगजात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. शेतात तण माजावे तसे. मात्र हायड्रॉक्सियुरिया हे एकच औषध दोन्हीकडे वापरतात, म्हणून गोळीचे नाव वाचून शेजाऱ्याच्या आजाराचा अंदाज बांधू नका.

आता इतिहास थोडा, पण तो आपल्या जवळचाच आहे. आपली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि ती गोदावरी पुढे राजमहेंद्रीला जाते. त्या राजमहेंद्रीत यल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचा मुलगा शाळेत होता. त्याचे भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने गेले. पुढे तो अमेरिकेत संशोधक झाला आणि त्याच्या चमूने फॉलिक आम्ल तयार केले. अंगणवाडीत लोहाच्या गोळीसोबत मिळते तेच! हे आम्ल पेशी वाढवते. मग त्याचीच नक्कल करून पेशीला फसवले तर? सुब्बारावांच्या चमूने तशी औषधे बनवली आणि बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या 16 मुलांना दिली. 10 मुलांना उतार पडला. हे 1948 साली प्रसिद्ध झाले. तो उतार काही महिनेच टिकला, पण या आजाराला औषध लागू पडते हे जगाला पहिल्यांदा दिसले. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट आजही मुलांना देतात.

दुसरे औषध आपल्या गेटजवळ फुलले आहे. सदाफुली! पूजेला आपण रोज तोडतो. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन मिळते, जे ल्युकेमियात शिरेतून देतात. (पाने चावून खाऊ नका हो. झाडात विषही आहे आणि मात्रा घरी मोजता येत नाही.)

1984 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेचे डॉ. इयन मॅग्राथ यांनी मुलांच्या ल्युकेमियासाठी एक ठरलेला आराखडा सुरू केला. नाव एमसीपी-841. कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती, हे सगळे लिहिलेले. पूर्वी पाचातले एखादे मूल वाचायचे, ते निम्म्याच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून वर गेले. नवे जादूचे औषध नव्हते, शिस्त होती. डॉ. अडवाणी लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असतात आणि 1983 मध्ये देशातले पहिले मगजरोपण त्यांनीच केले, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

अलीकडची गोष्ट पवईची. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटाचे डॉक्टर यांनी कार-टी नावाची पद्धत इथे तयार केली. रोग्याच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांत कॅन्सर ओळखणारा जनुक घालायचा, वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. पहिल्या रोग्याला जून 2021 मध्ये त्या दिल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचे लोकार्पण केले. चाचणीत सुमारे 73 टक्के रोग्यांत रोग हटला किंवा कमी झाला. त्यातल्या काहींना तो परत आला, काहींना उपचाराचाच त्रास झाला. खर्च काही लाखांत, परदेशात काही कोटींत. आपल्याला लाखही कुठे परवडतात, हे खरेच. तरी पेशी इथेच तयार होतात, ही सुरुवात आहे.

चाचणी म्हटले की लोक विचारतात, "आमच्यावर प्रयोग करतात काय जी?" वनखात्यात काम केलेली मंडळी समोर बसली आहेत, त्यांना समजेल. रोपवाटिकेत दोन वाफे करता ना? एकात नेहमीचे खत, दुसऱ्यात नवे, आणि मग उंची मोजता. इथे फरक हा, की रोप बोलत नाही, माणूस बोलतो. म्हणून त्याला मराठीत समजावून संमतीपत्र घ्यावे लागते, आणि तो केव्हाही बाहेर पडू शकतो, त्याचे नेहमीचे उपचार त्यासाठी बंद करता येत नाहीत. समजले नाही तर सही करू नका, पुन्हा विचारा. विचारायला लाजण्यासारखे काही नाही.

आता कामाचे. आपल्याकडे ताप म्हणजे मलेरिया. तो आधी तपासा, बरोबर आहे. पण मलेरिया नाही किंवा औषध घेऊनही ताप जात नाही, मूल पांढरे पडते, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, पायाची हाडे दुखतात, गळ्याला गाठी, तर सीबीसी करून घ्या. आणि एक फार महत्त्वाचे: निदानाआधी कोणाकडूनही "ताकदीची" म्हणून स्टेरॉइडची सुई वा गोळी घेऊ नका. स्टेरॉइडने ल्युकेमिया काही दिवस दबतो, मूल बरे वाटते, काचपट्टीवर काही दिसत नाही, आणि रोग आत वाढत राहतो. आमच्यासारख्यांना मग दिसणार तरी काय!

उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिल्या महिन्यातच मूल खेळू लागते, भात रोवणीचे दिवस येतात, नागपूर-मुंबईचे भाडे परवडत नाही, आणि घरचे म्हणतात, "आता बरा आहे की." तिथेच औषध सुटते आणि आजार उलटतो. मुंबईला जावे लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रोग्यांची राहण्याची सोय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे आजच जुळवून ठेवा. ल्हान्या-मोठ्या चुकांनी प्रकरण अडकते.

सचिवसाहेबांना एक विनंती. सोसायटीच्या शिल्लक निधीतून असा एखादा प्रवासभत्ता ठेवता येईल का? रोग्याच्या घरच्यांना गाडीभाड्यापुरता. ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा, मी अनुमोदन देईन.