मोटारीची उंची आणि तिचा तोल



पुण्याहून मुळशीकडे जातांना चांदणी चौकाजवळ बावधन लागतें. तेथून भूगांव, पिरंगुट, पौड अशा गांवांवरून निघालेला रस्ता पुढें मुळशी धरणाकडे आणि ताम्हिणी घाटाकडे जातो. ज्यांच्या दारीं जीप किंवा पिकअप उभी आहे, त्यांना पावसाळा आला कीं या रस्त्याला फुटणाऱ्या चिखलवाटा खुणावूं लागतात, आणि गाडी दोन-तीन इंच उंच करून घ्यावी असें मनांत येतें. त्यासाठीं लागणारे पाटे, स्प्रिंगा, ठोकळे व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचा तयार संच ‘लिफ्ट किट’ या नांवानें मिळतो. सुटीच्या दिवशीं तो घरींच बसवावा काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. काम हातांनीं होण्याजोगें आहे. परंतु तें करावें कीं नाहीं याचा निर्णय पाना हातीं घेण्यापूर्वींच झाला पाहिजे.

प्रथम असा प्रश्न विचारूं, कीं या संचानें नेमकें काय उंच होतें? जुन्या जीपसारख्या गाडींत दोन चाकांना जोडणारा आंस अखंड असतो, व त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. वाटेंतला दगड बहुधा यालाच प्रथम लागतो. पाटे बदलल्यानें सांगाडा वर जातो. हा गोळा मात्र होता तेथेंच राहतो, कारण त्याची उंची केवळ चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून आहे. टायरचा व्यास दोन इंचांनीं वाढविला तर गोळा एक इंच वर येतो. म्हणून लिफ्ट किटचा खरा उपयोग दोनच गोष्टींत आहे. मोठ्या टायरला जागा मिळते. आणि चढाच्या तोंडाशीं पुढचा बंपर किंवा उंचवट्यावर गाडीचें पोट टेंकत नाहीं.

या लाभाची किंमत तोलाच्या रूपानें द्यावी लागते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागलें म्हणजे गाडी कलंडण्याचें मोजमाप मिळतें. समजुतीसाठीं चाकांतील अंतर १,५०० मिलिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरूं. ७५० भागिले ७०० म्हणजे सुमारें १.०७. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला कीं हाच आंकडा १.०० वर येतो. आंकडा जितका लहान, तितक्या थोड्या वेगांत ती वळणावर आंतलीं चाकें उचलते. अमेरिकेचें महामार्ग-सुरक्षा खातें नव्या मोटारींचा दर्जा ठरवितांना हाच भागाकार विचारांत घेतें. घाटांत समोरून अचानक बस आली आणि चाक झटक्यानें फिरवावें लागलें, म्हणजे या दोन आंकड्यांतील फरक मागच्या आसनावरील मुलाबाळांना भोगावा लागतो.

तोलाशिवाय इतरही सांधे बिघडतात. सांगाडा वर गेला कीं ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. चाक खड्ड्यांत खालीं लोंबलें असतां ती तुटण्याइतकी आंखूड पडूं शकते. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून गाडी थरथरते व सांधे लवकर झिजतात. स्टिअरिंगच्या दांड्या तिरप्या होऊन उंचसखल जागीं गाडी आपोआप बाजूला ओढ घेते. हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. टायरचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला तर गतिदर्शक ६० दाखवीत असतां गाडी ६६ च्या वेगानें धांवत असते.

एवढें जाणूनही ज्यांना हें काम करावयाचें आहे, त्यांनीं जागेपासून विचार करावा. बावधनमधील कित्येक वसाहती उतारावर वसल्या आहेत. गाडी मात्र सपाट व पक्क्या जमिनीवरच उभी केली पाहिजे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे लावावेत. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, तोलून धरण्याचें नव्हे. सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेंकविल्यावांचून कोणींही गाडीखालीं जाऊं नये. गुंडाळीची स्प्रिंग दाबलेल्या स्थितींत असेल तर ती सुटतांना जीव घेऊं शकते. तिच्यासाठीं योग्य हत्यार नसेल तर काम तेथेंच थांबवावें. पाटे आंसाला धरून ठेवणारे ‘यू’ आकाराचे बोल्ट एकदां ताणले गेलेले असतात. ते नवे घालावे. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावे, नाहींतर रबर कायम पिळलेलें राहून फाटतें. आवळणी अंदाजानें न करतां टॉर्क पान्यानें मोजून करावी, थोड्या प्रवासानंतर ती पुन्हां तपासावी, आणि चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें.

आतां कायद्याविषयीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें मुळांत दिलेल्या तपशीलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत हेंच बजावलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें गैरपरवाना फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. तेव्हां संच विकत घेण्याआधीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारणा करावी. दुकानदाराचें आश्वासन अपघातानंतर कामास येत नाहीं.

बावधनच्या पलीकडे वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिच्या नांवानें लोक त्या भागाला ए.आर.ए.आय. टेकडी म्हणतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं वाहनांची कसून परीक्षा तेथें होते. कारखान्यांतून गाडी निघते तेव्हां तिचे पाटे, ब्रेक, दांड्या व चाकें परस्परांशीं जुळवून तपासलेलीं असतात. आपण त्यांतील एक बदलला, तर उरलेल्या साऱ्यांची परीक्षा आपल्यावर येऊन पडते. ती देण्याची तयारी नसेल, तर मूळ मापाचे चिखलास योग्य टायर घ्यावेत, सोबत दोर व फावडें ठेवावें, आणि वाट आधीं पायीं उतरून पाहावी. मुळशीच्या बहुतेक वाटांना एवढें पुरतें.