रंग वाळू द्या

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसलेली, बरी ग्रेडही मिळवलेली आणि पुढे ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून रंगांची पेटी माळ्यावर टाकलेली मंडळी आपल्याकडे घरोघर आहेत. वर्षांनी कधीतरी त्यांना पुन्हा हुक्की येते. एका रविवारी बसतात, आकाशाचा चिखल होतो, पेटी परत माळ्यावर! मी आज त्यांच्याशी बोलणार आहे, आणि एकच सांगणार आहे. रंग वाळू द्या.

जलरंगांविषयी बोलतोय हं. तैलरंगवाल्यांनी तोवर चहा घ्यावा.

लोक म्हणतात, हात बसत नाही. अहो, हात बसेल, आधी तुम्ही स्वस्थ बसा! आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, दिला, छान उतरला. मग एका कोपऱ्यात डाग दिसतो आणि आपला ब्रश तिकडे धावतो. भात लावल्यावर आपण काय करतो? पाणी मोजून घालतो, झाकण ठेवतो, बाजूला होतो. दर मिनिटाला झाकण काढून डाव फिरवला तर गिचकाच होणार. जुन्या तांदळाला पाणी जास्त, नव्याला कमी, हे आपल्याला कळतं. मग कागदाचं का कळू नये? वहीचा पातळ कागद जरा पाणी पडलं की फुगतो, 300 जीएसएमचा निमूट सोसतो. आणि भात शिजला तरी वाफ जिरू द्यावी लागते ना? वॉशची ओली चकाकी गेली, की आपल्याला वाटतं वाळला. तीच वेळ सगळ्यात वाईट. कागद आत ओलाच असतो. वरून ब्रशातलं पाणी पडलं, की ते आधीचा रंग कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर थांबा. पावसाळ्यात कोकणात बराच वेळ थांबावं लागेल, मे महिन्यात नागपूरकरांना वाळण्याआधी वॉश पुरा करण्याचीच धांदल.

सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या मुलीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर तरी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरला, जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा 1906 सालीच गेले, आणि हे चित्र 1940 नंतरचं. समोर उभी होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. चित्र जलरंगातलं! ज्योतीपुढे धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तो तांबूस उजेड आठवा. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो आणि थरावर थर चढवावे लागतात. खालचा थर वाळलेला नसेल, तर कसला उजेड आणि कसलं काय. म्हणून म्हणतो… हो, तेच म्हणतो. वाळू द्या.

वयाची सबब मला सांगू नका. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन 1930 साली पॅरिसला भरलं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. तुम्ही पंचेचाळिशीत उसासे टाकताय!

आणि एवढ्यासाठी दुकानातून नवे रंग आणू नका. माळ्यावरची ट्यूब दगड झाली असेल तर ती मागून कापा, आतला खडा बशीत ठेवा, पाण्याचे थेंब घाला. जलरंग डिंकात बांधलेले असतात, पाणी मिळालं की बहुतेक पुन्हा सुटतात. बुरशी आली असेल तर मात्र फेकून द्या. कागदावर मात्र थोडा खर्च करा, कारण पातळ कागदावर… तिकडून बोट दाखवताहेत, एकच मिनिट उरलंय. तर वॉश दिल्यावर उठा, कपडे वाळत घाला, कुणाला तरी फोन करा, पण ब्रश धुऊन, हातापासून लांब ठेवून. पाण्याच्या भांड्यात उभा ठेवू नका, टोक वाकतं. ब्रशांबद्दल खरं तर पुष्कळ सांगायचं होतं, गोल कुठला, चपटा कुठला… राहिलं.