कर्जखतामागील हिशेब



वाणिज्य व अर्थशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांच्या या परिषदेचे अध्यक्षस्थान आपण मला दिले, आणि तेही सोलापुरात, जिथे विद्यार्थ्यांना कीर्द आणि खतावणी शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. ‘वित्ततंत्रज्ञानाची मूलतत्त्वे आणि त्यांचा वित्तव्यवहारावरील परिणाम’ हा विषय संयोजकांनी मला नेमून दिला आहे. विषयाचे नाव नवे आहे. परंतु तो ज्या प्रश्नापाशी येऊन थांबतो तो प्रश्न या जिल्ह्याने दीडशे वर्षांपूर्वी सोसलेला आहे, आणि म्हणून आरंभ मी तेथूनच करणार आहे.

जुनी कर्जखते ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवत असेल की, मोडीतील मजकुराच्या अखेरीस, जिथे ऋणकोची सही असावयाची तिथे, नांगराची एक लहानशी आकृती काढलेली असे आणि तिच्या शेजारी ‘निशाणी नांगर’ असे शब्द लिहिलेले असत. ज्याची ती निशाणी, त्याला वरचा मजकूर वाचता येत नसे. मुद्दल किती मांडले, व्याजाचा दर कोणता लावला, मागील सुगीला घातलेले धान्य वसुलात धरले किंवा नाही, यांपैकी सावकार सांगेल तेवढेच त्याला कळत असे, आणि दिवाणी कोर्टात मात्र त्या कागदाचा शब्द हाच अखेरचा शब्द ठरे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा संताप उसळला आणि पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला, तेव्हा त्या लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता हे विसरता येत नाही. त्यांनी कर्जखते आणि हुकूमनामे मागून घेतले व जाळून टाकले. न वाचता आलेल्या कागदाशी झुंज देण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा जन्मास आला आणि पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबरच आपला सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेत घेण्यात आला. सावकाराने पैसे घेतले की पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचे वर्षाला हिशेब लिहून द्यावा, कुणब्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, अशा तजविजी त्यात होत्या. परंतु मला या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद वाटते ती निराळीच. न्यायाधीशाने केवळ खतावरील आकडा पाहून निवाडा देऊ नये, त्या खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मूळ हातात किती पडले आणि व्याज किती चढले हे वेगळे काढावे, असा अधिकार आणि असे कर्तव्य त्या कायद्याने न्यायालयाकडे सोपविले. त्या कायद्याने शेतकऱ्याचे कर्ज संपले नाही. त्याच्या उणिवा इतिहासकारांनी पुष्कळ दाखविल्या आहेत. तथापि, कागदावरील आकड्यामागे एक हिशेब असतो आणि ऋणकोला तो मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट या भूमीवर प्रथम कायद्याच्या शब्दांत मांडली गेली.

आता यंत्राकडे वळू. आपले विद्यार्थी दिवसातून दहा वेळा चहाच्या गाड्यावरील चौकोनी चित्रासमोर भ्रमणध्वनी धरतात आणि पैसे ‘गेले’ म्हणतात. काय गेले, कोठून गेले आणि केव्हा पोहोचले, हे त्यांना विचारले तर पदवीच्या वर्गातही फार थोडे हात वर होतात. वस्तुतः ही रीत समजून घेण्यास आपल्याकडे हुंडीइतके उत्तम साधन दुसरे नाही. सोलापूरच्या सूत-व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीवर हुंडी लिहिली तेव्हा नाण्यांची थैली कोठेच जात नव्हती. जात होता तो एक निरोप, आणि निरोपाच्या बळावर मुंबईची पेढी रक्कम देऊन नंतर सोलापूरच्या पेढीशी आपसांतला हिशेब चुकता करीत असे. दाखविताच फेडावयाची ती दर्शनी, मुदत सरल्यावर फेडावयाची ती मुदती. हुंडी हरवली तर पैठ आणि पैठही हरवली तर परपैठ, इतका बारकावा त्या व्यवस्थेत होता.

११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या यूपीआयची रचना तत्त्वतः हीच आहे. गिऱ्हाइकाने गुप्त अंक टाकला की त्याचा हुकूम भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो. ती यंत्रणा देणाऱ्याच्या बँकेला विचारते की खाते खरे आहे काय, शिल्लक पुरेशी आहे काय, अंक बरोबर आहे काय. रुजुवात पटली की त्या खात्यात नावे पडते, मग घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो, आणि दोन्ही भ्रमणध्वनी वाजतात. चहावाल्याला पैसे तत्क्षणी मिळाले. पण दोन बँकांमधील देणेघेणे त्या क्षणी मिटलेले नसते, ते असंख्य व्यवहारांची वजाबाकी होऊन दिवसातील ठराविक वेळी रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात मिटते. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा व्यवहारांची एका महिन्याची संख्या २,००० कोटींच्या वर गेली. हा आकडा मी अभिमानाने सांगतो. जगातील मोठमोठ्या राष्ट्रांना जे साधले नाही ते आपण साधले आहे.

परंतु एवढी मांडणी ज्याला उमगली त्याच्या हाती लगेच एक संरक्षक शस्त्रही येते. गुप्त अंक हा नावे टाकण्याचा हुकूम आहे. पैसे जमा होण्यासाठी तो कधीच लागत नाही. ‘तुमचे बक्षीस खात्यात जमा करावयाचे आहे, तेवढा अंक टाका’ असे सांगणारा मनुष्य जमाखर्चाच्या पहिल्याच नियमाविरुद्ध बोलतो आहे, हे नावे आणि जमा यांतला भेद जाणणाऱ्या मुलीला शिकवावे लागणार नाही. आणि फसवणूक झालीच, तर ज्या क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावयाची तो राष्ट्रीय क्रमांक १९३० हा आहे. अन्यत्र तो घोकावा लागत असेल. ज्या शहराने मे १९३० मध्ये परकीय सत्तेचा कारभार दूर सारून काही दिवस स्वतःचा कारभार चालविला, मार्शल लॉ सोसला आणि पुढे आपले चार सुपुत्र फासावर गेलेले पाहिले, त्या शहरातील मुलांना हा अंक एकदा सांगितला तरी जन्मभर पुरेल.

देवाणघेवाणीचा भाग येथवर सोपा आहे. कठीण भाग कर्जाचा आहे, आणि माझे मन गुंतले आहे ते त्यातच.

आमच्या शेजारी विडीकाम करणाऱ्या एक बाई राहतात. शहराच्या पूर्वभागातील पुष्कळ घरांप्रमाणे त्यांचे घरही तेलुगू बोलणारे. आम्ही सारे त्यांना अक्का म्हणतो. मजुरी हजार विड्यांवर मिळते, पाने ओली निघाली किंवा माल परत झाला की त्यातही घट येते. गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी भ्रमणध्वनीवरून १०,००० रुपयांचे कर्ज घेतले आणि काही महिन्यांनी तो भ्रमणध्वनी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “सर, वर्षाला वीस टक्के म्हणाले होते. हप्ता भरभरून मी थकले, तरी हे वीस टक्के मला वीस वाटत नाहीत. जरा बघा ना.” मी कागद घेऊन बसलो. कर्ज १०,०००, त्यातून ६०० रुपये ‘प्रक्रिया खर्च’ म्हणून आधीच कापलेले, म्हणजे खात्यात पडले ९,४००. व्याज शेकडा २० प्रमाणे वर्षाचे २,००० पहिल्याच दिवशी मुद्दलात मिळवून बारा हप्ते केलेले, प्रत्येकी १,००० रुपयांचे. आकडे निर्दोष दिसतात. पण बाई पहिल्याच महिन्यापासून मुद्दल परत करू लागली होती. वर्षभराची सरासरी घेतली तर तिच्यापाशी रकमेचा निम्म्याहून थोडाच अधिक भाग राहिला, आणि व्याज मात्र संपूर्ण १०,००० वर, तेही तिला कधी न मिळालेल्या ६०० रुपयांसकट, आकारले गेले. घटत्या शिलकेवर मांडणी केली तेव्हा दर निघाला महिन्याला शेकडा सुमारे चार, म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठेचाळीस. अक्कांना मी म्हटले, “शेकडा चार.” त्या गप्प राहिल्या. पेठेतला सावकार शेकडा दोन मागतो तेव्हा त्या घासाघीस करतात; शेकडा चार कोणी तोंडाने मागितला असता तर त्या उंबऱ्यावरूनच परत फिरल्या असत्या.

बंधुभगिनींनो, हा हिशेब अक्कांना चुकीचा वाटत होता आणि तो का चुकीचा वाटतो हे सांगण्याचे शब्द त्यांच्यापाशी नव्हते. त्यांची शंका शुद्ध गणिती होती. आपल्या वर्गांतून बाहेर पडलेली त्यांची थोरली मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि तिलाही तो दर काढता आला नाही, ही गोष्ट मला अधिक लागली, कारण तिला शिकविणाऱ्यांत मी होतो. आम्ही तिला चक्रवाढ व्याजाचे सूत्र शिकविले. आईच्या हातातील कर्जाला ते लावून पाहावयास शिकविले नाही.

कायदा मागे राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी अंकीय कर्जांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात पडली पाहिजे, सर्व खर्च मिळवून वार्षिक दर आधी सांगितला पाहिजे, ठराविक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून त्याला कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे, आणि त्याच्या भ्रमणध्वनीतील सोयऱ्यांच्या क्रमांकांना हात लावता कामा नये. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ कर्जांना मुख्य तथ्यपत्रक सक्तीचे केले. त्यात न दाखविलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून वसूल करता येत नाही. आणि ते पत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असावे असे शब्द त्यात आहेत. १८७९ च्या पावतीचे आणि वार्षिक हिशेबाचे हे वंशज आहेत. परंतु ‘समजणाऱ्या भाषेत’ या दोन शब्दांचा सोलापुरात अर्थ काय होतो? येथे मराठीत ज्याला व्याज म्हणतात त्याला तेलुगू घरात वड्डी, कन्नड घरात बड्डी आणि उर्दू घरात सूद म्हणतात. चार शब्दांचे हे शहर आहे. अक्कांच्या भ्रमणध्वनीवर जो कागद उघडला त्यात या चारांपैकी एकही शब्द नव्हता. त्या खाली सरकत गेल्या आणि हिरव्या चौकटीवर त्यांनी बोट टेकविले. नांगराच्या निशाणीची मला त्या क्षणी आठवण झाली.

वित्तव्यवहारावरील परिणामांची दुसरीही बाजू आहे, आणि ती उजेडाची आहे. ती झाकणे अन्यायाचे होईल. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीला १९५१-५२ साली असे आढळले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास आहे. त्याचे कारण असे की, ज्याच्यापाशी तारण नाही व जामीन नाही, त्याची पत मोजण्याचे साधन संस्थेपाशी नव्हते. सावकारापाशी मात्र गावाची खडान्‌खडा माहिती होती. आज भाजीवालीच्या गाड्यावरील रोजची आवक खात्यात आपोआप नोंदली जाते आणि तिची न लिहिलेली कीर्द प्रथमच लिहिली जाते. १ जून २०२० पासूनच्या पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेत तारणावाचून पहिले १०,००० रुपये मिळाले, वेळेवर फेड केली तर पुढील हप्ता मोठा मिळाला, आणि या नोंदींचा त्यात मोठा हात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून ओळखीच्या दाखल्यासाठी अडून राहण्याचे दिवसही कमी झाले. श्रमाने झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही तेव्हा म्हाताऱ्या मजुराला वेतनासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागतात, हे दुःख तेवढे अजून उरले आहे.

परंतु ही नवी कीर्द लिहिते यंत्र, वाचते यंत्र, आणि तिच्या आधारे होकार वा नकार देते तेही यंत्र. सावकाराचा नकार तोंडावर मिळत असे, त्याच्याशी भांडता येई. यंत्राने नाकारलेल्या विणकराला कारण कोणी सांगत नाही. खताच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार येथे कोण बजावणार, हा प्रश्न मी या परिषदेतील तरुण अभ्यासकांपुढे ठेवतो. आजच्या निबंधांत त्यावर काम झालेले असेल तर ते मी मन लावून ऐकेन.

माझी स्वतःची एकच सूचना आहे आणि अध्यक्ष या नात्याने ती ठरावाच्या रूपाने मांडण्याची मी अनुज्ञा घेतो. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातील अथवा शेजारातील एका खऱ्या कर्जाचे तथ्यपत्रक, नावगाव झाकून, वर्गात आणावे. कापलेला आकार आणि हप्त्यांचे वेळापत्रक घेऊन त्याचा खरा वार्षिक दर हाताने काढावा. आणि निघालेला आकडा, महिन्याला शेकडा किती या पेठेच्या भाषेत, ऋणकोच्या मातृभाषेतील चार ओळींत लिहून त्या घरी परत द्यावा. गुण या चार ओळींना असावेत. तेलुगू आणि कन्नड मुले आपल्या वर्गांत पुष्कळ आहेत, तेव्हा लेखकांचा तुटवडा पडणार नाही. पहिले तथ्यपत्रक मी बरोबर आणले आहे. अक्कांनी ते माझ्या हाती देताना नाव झाकायचीही गरज नाही असे सांगितले, तरी मी ते झाकले आहे. ते कार्यवाहांच्या मेजावर ठेवून मी पहिल्या निबंधवाचकांना पाचारण करतो.