आधी छप्पर

घर मोडकळीला आलं की माणसाला आधी रंग सुचतो. आम्हालाही सुचला. कोकणातलं जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, हाती सव्वा लाख. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, ओटीला फरशी बसवू, दर्शनी भिंत रंगवू. ईदला पाहुणे येतात." मलाही ते पटलं होतं. लाज वाटायची ना!

सुतारमामा शिडीवर चढले. वाशाच्या टोकात पटाशी खुपसली, ती सहज आत गेली. म्हणाले, "कौल फुटलं, पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. रंगवा खुशाल, श्रावणात पोपडे निघतील."

मंगलोरी कौलं १८६५ साली बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली. एकेक काढून बदलता येतात, हा त्यांचा मोठा गुण. धड होती ती घासून-धुऊन पुन्हा चढवली. वाचलेले पैसे वासे-रिपांना गेले. मग जोत्याभोवती चर खणून पाणी उताराला लावलं. शेवटी वायरिंग. तेवढ्यात पैसे संपले. भिंतीच्या बुडाला मी पूर्वी हौसेनं सिमेंटचा गिलावा केला होता. त्यानं ओल आतच कोंडली होती. तो माझ्याच हातानं खरवडला.

भाऊ दोन महिने धड बोलला नाही. पाहुणे जुन्याच शहाबादीवर बसून शिरखुर्मा खाऊन गेले.

जूनमध्ये पहिली सर आली. अम्मानं सवयीनं खाट ओढली, गळतीखाली ठेवायचं पातेलं आणलं. थोडा वेळ वर बघत उभी राहिली आणि पातेलं परत चुलीपाशी नेऊन ठेवलं.