पोटाचा आजार आणि रक्तातली प्रतिपिंडे

महिनोन्‌महिने जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त आणि घटणारं वजन, ही आतड्याच्या दीर्घकालीन दाहाची लक्षणं. त्याचे मुख्य प्रकार दोन: क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. रक्तातली पाव फुगवणाऱ्या यीस्टविरुद्धची ‘अस्का’ प्रतिपिंडं क्रोन्समध्ये, तर ‘पी-अँका’ ही प्रतिपिंडं कोलायटिसमध्ये अधिक आढळतात. मग अकोले किंवा पाथर्डीहून आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी नगरला का यायचं? गावातच तपासणीसाठी रक्त दिलं तर भागणार नाही का? नाही भागत. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत अस्का सापडतच नाही. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही आहे. त्याची लक्षणं हुबेहूब क्रोन्ससारखी असतात आणि त्यातही अस्का आढळू शकते. दोहोंत फरक करायला ही चाचणी उपयोगी नाही, हे भारतीय अभ्यासांतून दिसलं आहे. क्षयरोग्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं, तर क्षय बळावतो. क्षयाच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासणाऱ्या किटवर तर केंद्र सरकारने 2012 मध्ये बंदीच घातली.

मग या चाचण्या टाकाऊ आहेत का? तसंही नाही. दाह नक्की आहे, पण प्रकार ठरत नाही, अशा वेळी तज्ज्ञांना त्यांची मदत होते. पण त्या दुय्यम. पुरावा मिळतो तो दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात. तोच क्षयासाठीही तपासता येतो. दुर्बिणीची गरज किती, याचा अंदाज शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या दाहदर्शक प्रथिनावरून येतो. म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर औषध सुरू करू नका. निदान कशावरून केलं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.